मिडी घातलेलं ८०८: आपण नक्की काय जोडतो?

ओळखीच्या एका साउंड इंजिनिअरनी मध्यंतरी फोनवर विचारलं, "तुझा अभ्यास यातलाच ना? मग सांग, माझ्या ८०८ला मिडी बसवून घेऊ का?" मी फारसा विचार न करता म्हणाले, "घ्या की. हरकत काय आहे?" फोन ठेवला आणि चहा होईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. ज्या प्रश्नावर मी प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहितेय, त्याचं उत्तर मी अर्ध्या मिनिटात देऊन टाकलं होतं. आणि मशीन चाळीस वर्षं जुनं. एकदा त्याच्या पत्र्याला भोक पाडलं की ते बुजत नाही.

म्हणून हा लेख. त्यांना द्यायचं उत्तर आधी तुमच्यासमोर मांडते.

नवीन वाचकांसाठी एका वाक्यात: ताल वाजवणारी यंत्रं वेळ कशी मोजतात आणि ती एकमेकांना कशी कळवतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. जुन्या ड्रम मशीनला मिडी जोडणं हा त्या विषयातला सगळ्यात रोजचा, सगळ्यात घरगुती प्रयोग आहे. आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचार करून केला जाणारासुद्धा.

मशीनला काय कळतं?

रोलँड कंपनीचं टीआर-८०८ १९८० साली आलं आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. सुमारे बारा हजार मशीनं बनली. आत रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाही. प्रत्येक वाद्य म्हणजे एक छोटं अ‍ॅनालॉग सर्किट. आवाजाचे अकरा चॅनेल, आणि काही चॅनेलवर खटका सरकवला की दुसरं वाद्य, असे मिळून सोळा आवाज. समोर सोळा बटणं, म्हणजे सोळा पायऱ्या. पायरीवर दिवा लागला की वाद्य वाजणार, नाही लागला तर नाही.

आत एक चार-बिटी प्रोसेसर बसलाय. त्याचा प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला, त्यामुळे "सॉफ्टवेअर अपडेट करू" वगैरे प्रकार नाही. हा प्रोसेसर प्रत्येक पायरीला आवाजाच्या सर्किटांना काय सांगतो ते बघा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरून आहे. तो दोन गोष्टी सांगतो. पहिली: या पायरीवर कोणकोणती वाद्यं वाजायची. त्यासाठी प्रत्येक वाद्याची वेगळी तार आहे. दुसरी: या पायरीवर जोर आहे की नाही. त्यासाठी सगळ्यांत मिळून एकच तार आहे.

ही दुसरी तार म्हणजे सामाईक ट्रिगर. साधारण एक मिलिसेकंदाचा विजेचा ठोका. अ‍ॅक्सेंट नसेल तेव्हा तो चार-पाच व्होल्टचा असतो. अ‍ॅक्सेंट असेल तेव्हा त्याहून मोठा, नॉब पूर्ण फिरवला तर चौदा व्होल्टच्या आसपास. वाद्याची स्वतःची तार आणि ही सामाईक तार एकत्र आल्या की वाद्य वाजतं.

म्हणजे ८०८मध्ये "स्नेअर जोरात, हायहॅट हळू" असं एकाच पायरीवर म्हणताच येत नाही. जोर वाद्याचा नसतो, पायरीचा असतो. आपल्याकडे समेवर सगळे मिळून वजन देतात, तसं. अ‍ॅक्सेंट लावला की त्या क्षणी जे कोणी वाजतंय ते सगळं एकदम उठतं. बाकी वाद्यांचा एकमेकांशी तोल राखायला प्रत्येकाचा आवाजाचा नॉब आहे, पण तो हातानं फिरवायचा. पायरीपायरीला तो बदलत नाही.

ही मर्यादा आहे का? आहेच. पण ८०८च्या तालाला जी एकसंध उसळी आहे, ती याच मर्यादेतून येते असं मला वाटतं. हा मुद्दा हातात धरून ठेवा.

मिडीला काय कळतं?

१९८१च्या नोव्हेंबरमध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वुड यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एक निबंध मांडला. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी एक जोडणी त्यांनी सुचवली होती. तिच्या नावातच "सिंथेसायझर" हा शब्द होता. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी या खटपटीत आधीपासून होते. जानेवारी १९८३मध्ये नॅम या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलनं जोडून दाखवले गेले, आणि त्याच वर्षी मिडीचा मसुदा प्रसिद्ध झाला. पुढे २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. योगायोग बघा: ज्या वर्षी मिडी आलं त्याच वर्षी ८०८ बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या ९०९ला जन्मतः मिडी होतं.

मिडी जन्मलं कळफलकातून. त्यामुळे त्याचं व्याकरण कळफलकाचं आहे. कळ दाबली: नोट ऑन. कळ सोडली: नोट ऑफ. किती वेगानं दाबली: व्हेलॉसिटी, १ ते १२७. यात गंमत म्हणजे शून्य व्हेलॉसिटीची नोट ऑन आली तर तिचा अर्थ "थांब" असा घ्यायचा असतो.

आता हे व्याकरण ८०८ला लावून बघा. नोट ऑफ आला तर ८०८नं काय करायचं? बास ड्रमचं सर्किट एकदा झंकारलं की आपल्या वेळेनं विरतं, डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखं. ते थांबवणारी तारच मशीनमध्ये नाही. अपवाद एकच. उघडा हायहॅट वाजत असताना बंद हायहॅट आला की पहिला दबतो. पण तो एका वाद्यानं दुसऱ्याला दाबण्याचा प्रकार. कळ सोडण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे मिडीच्या तीन शब्दांपैकी एक शब्द ८०८ला कळतच नाही, एक (व्हेलॉसिटी) अर्धामुर्धा कळतो, आणि एकच पुरता कळतो.

दुभाषा कसा आहे यावर संभाषण अवलंबून असतं ते इथे.

दोन रस्ते, आणि त्यांची प्रतवारी

८०८ला मिडीशी जोडायचे ढोबळ दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता फक्त वेळेचा. ८०८च्या मागे एक पाच पिनांचं गोल सॉकेट आहे, सिंकचं. त्यातून एका पिनवर चालू-बंद आणि दुसऱ्या पिनवर ठोके जातात, एका मात्रेला २४. मिडीमध्येही क्लॉकचा संदेश एका मात्रेला २४ वेळाच येतो. त्यामुळे मिडी क्लॉक आत घेऊन सिंकचे ठोके बाहेर देणारी छोटी डबी मध्ये ठेवली की काम झालं. मशीन उघडायचं कारण नाही.

(इथे एक सावधगिरीची सूचना. सॉकेट दिसायला हुबेहूब मिडीसारखंच आहे, पण मिडी ४ आणि ५ या पिना वापरतं आणि सिंक १ आणि ३. मिडीच्या बऱ्याच केबलमध्ये १ आणि ३ जोडलेल्याच नसतात. "मशीन बिघडलंय" असं ठरवून मी एक अख्खी दुपार घालवली आहे. बिघडली होती ती माझी केबलची निवड.)

दुसरा रस्ता पूर्ण ताब्याचा. मशीन उघडायचं, प्रोसेसर आणि आवाजाची सर्किटं यांच्या मधल्या तारांवर एक छोटा बोर्ड बसवायचा, मिडीचं सॉकेट लावायचं. आता कॉम्प्युटरवरून ३६ नंबरची नोट आली की बास ड्रम, ३८ आली की स्नेअर. मशीनचा स्वतःचा सिक्वेन्सर बाजूला राहतो आणि कॉम्प्युटर थेट सर्किटांना वाजवतो.

या विषयावर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात या दोन रस्त्यांची प्रतवारी ठरलेली असते. सिंक म्हणजे गरिबाचा उपाय, पूर्ण ताबा म्हणजे "खरं" मिडी. माझा आक्षेप या प्रतवारीवर आहे.

फरक आपल्या भाषेत सांगते. सिंक म्हणजे समोर बसून हातावर ताल धरणारा माणूस. तो लय देतो. काय वाजवायचं ते वाजवणारा ठरवतो. नोटवरून वाजवणं म्हणजे तबलजीच्या कानात एकेक बोल सांगत राहणं. दुसऱ्या पद्धतीत सांगणाऱ्याचा ताबा नक्कीच वाढतो. पण मग समोर तबलजी कशाला हवा, हा प्रश्नही वाढतो.

आणि सिंक दिसतो तितका बावळट नाही. ८०८ला स्विंग येत नाही. त्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या अंतरावर. १२० च्या लयीत एक सोळांश म्हणजे १२५ मिलिसेकंद, म्हणजे सिंकचे सहा ठोके. आता समजा बाहेरून येणारे पहिले सहा ठोके मुद्दाम सावकाश दिले आणि पुढचे सहा घाईनं. पहिल्या पायरीला १५० मिलिसेकंद, दुसरीला १००. मशीनला काहीच पत्ता लागत नाही. ते इमानेइतबारे ठोके मोजतं आणि झुलत वाजवतं. ढोलकीत जी लचक असते तिच्या दिशेनं एक पाऊल पडतं, आणि तेही मशीन न उघडता, फक्त त्याच्या घड्याळाला लाडीगोडी लावून. सिंक ही कच्ची वेळ आहे, म्हणूनच ती वाकवता येते.

सिंकचे तोटेही सांगायला हवेत. गाणं मधूनच सुरू केलं तर ८०८ आपलं पहिल्या पायरीपासून निघतं. गाण्यात आपण कुठे आहोत हे सांगणारा संदेश मिडीत आहे, सिंकमध्ये नाही. रचना मशीनच्या मेमरीत राहतात, कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये नाही. सहा महिन्यांनी तेच गाणं उघडलं तर ताल पुन्हा भरावा लागू शकतो. स्टुडिओत रोज काम करणाऱ्याला हे तोटे खरोखर भारी पडतात. त्यांना हसू नये.

एकच प्रश्न विचारा

समजा तुम्ही पूर्ण ताब्याचा रस्ता धरलाच. बाजारात, किंवा तुमच्या ओळखीच्या सोल्डर करणाऱ्याकडे, कुठलाही बोर्ड असो, त्याला एकच प्रश्न विचारा: बास ड्रम १२७ जोरानं आणि हायहॅट ४० जोरानं, दोन्ही एकाच क्षणी आले तर तू काय करतोस?

प्रश्न अवघड आहे, कारण जोराची तार एकच. उत्तरं तीनच शक्य आहेत.

पहिलं उत्तर: दोघांपैकी मोठा जोर घेतो आणि सामाईक तारेवर सोडतो. म्हणजे हायहॅटही १२७नं वाजणार. कळफलकाच्या नजरेनं ही चूक. ८०८च्या नजरेनं हेच बरोबर, कारण जोर पायरीचा. फक्त आता त्या जोराला दोनऐवजी अनेक पातळ्या मिळाल्या.

दुसरं उत्तर: आधी सामाईक तार मोठ्या व्होल्टेजला नेऊन बास ड्रम वाजवतो, मग ती खाली आणून हायहॅट. दोघांना हवा तो जोर मिळाला. किंमत काय? ठोका स्वतःच एक मिलिसेकंदाचा आहे, त्यामुळे दुसरं वाद्य निदान तेवढं मागे पडणार. चार वाद्यं चार जोरांनी हवी असतील तर शेवटचं निदान तीन मिलिसेकंद उशिरा.

तिसरं उत्तर: सामाईक तार तोडतो आणि प्रत्येक वाद्याला जोराची स्वतंत्र तार देतो. आता वेळही जुळते आणि जोरही. पण त्यासाठी मूळ बोर्डवरचे जोड कापावे लागतात, आणि त्या मशीनमधून "पायरीचा जोर" ही कल्पनाच उपटली जाते.

पहिलं उत्तर मशीनचं व्याकरण राखतं आणि मिडीला थोडं खोटं पाडतं. तिसरं मिडीचं व्याकरण राखतं आणि मशीन बदलतं. दुसरं दोघांना खूश ठेवतं आणि वेळेतून वसुली करतं. विकणारा यातलं काहीही सांगत नाही; "फुल व्हेलॉसिटी सपोर्ट" एवढंच सांगतो.

माझं मत: पहिलं उत्तर देणारा बोर्ड सगळ्यात प्रामाणिक दुभाषा आहे. आणि मजा म्हणजे त्याची जाहिरात सगळ्यात फिकी दिसेल.

मिलिसेकंदांचा हिशेब

इथे तुम्ही म्हणाल, तीन मिलिसेकंद कुणाला ऐकू येतात? रास्त शंका आहे. हिशेब मांडू.

मिडीच्या केबलवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक बाइट पाठवायला आगेमागे धरून दहा बिट, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. एक नोट ऑन म्हणजे तीन बाइट, म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. लागोपाठच्या नोटांना पहिला बाइट गाळायची सोय आहे, त्यामुळे पुढच्या प्रत्येक नोटेला ०.६४. चार वाद्यं "एकाच वेळी" पाठवली तर पहिल्या आणि चौथ्या नोटेत केबलवरच जवळपास दोन मिलिसेकंदांचं अंतर पडतं. मिडीत "एकाच वेळी" असं काही नसतंच. सगळे रांगेत येतात. ८०८च्या आत मात्र सामाईक ट्रिगरमुळे चौघं एका ठोक्याला सुटतात.

दोन मिलिसेकंद मागे-पुढे झालेले दोन ठोके कानाला वेगवेगळे मोजता येणार नाहीत. तबला वाजवणाऱ्याचे दोन हातही याहून जास्त मागेपुढे होत असतील. पण इथे प्रश्न मोजण्याचा नाही. एकत्र वाजलेल्या आवाजांच्या लाटा एकमेकींत मिसळतात. पाचशे हर्ट्झच्या लाटेला एक मिलिसेकंद म्हणजे अर्धी फेरी: जिथे दोन लाटा एकमेकींना उचलत होत्या तिथे त्या एकमेकींना खोडू लागतात. त्यामुळे ठोक्याचा पोत बदलतो. ताल बिघडला असं कुणी म्हणणार नाही. "काहीतरी पातळ वाटतंय" असं म्हणतील. हा फरक प्रत्येक ठोक्याला सारखा असेल तर कान सरावेल. नोटांचा क्रम बदलत राहिला तर पोतही हलत राहणार.

क्लॉकच्या संदेशाला ही अडचण जवळपास नाही. तो एकाच बाइटचा असतो आणि त्याला रांग मोडून दोन बाइटांच्या मध्ये घुसायची मुभा आहे. त्यामुळे केबलवर तो जास्तीत जास्त एका बाइटाइतका, ०.३२ मिलिसेकंद, अडतो. कॉम्प्युटर आणि यूएसबी त्यात आपली भर घालतात ती वेगळी. पण तत्त्वतः बघा: ज्याला आपण गरिबाचा उपाय म्हणतो, त्याची वेळ जास्त शुद्ध आहे, आणि त्या वेळेवर पाय ठेवून ८०८ आपले सगळे ठोके एकदम सोडतं.

मुंबई, १९८२

आता एक ऐकायचा पुरावा. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी मुंबईत "सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट" हा अल्बम केला. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. साधनं तीन, तिन्ही रोलँडची: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, बाससाठी टीबी-३०३, आणि तालाला टीआर-८०८. तेव्हा तो फार कुणी घेतला नाही. २०१० साली तो पुन्हा प्रसिद्ध झाला आणि जगभर चर्चा सुरू झाली: १९८७ साली शिकागोत "अ‍ॅसिड ट्रॅक्स" आलं त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत अ‍ॅसिड हाउस जन्मलं होतं की काय!

ही चर्चा मला नेहमी थोडी उथळ वाटते. "आधी कोण" या शर्यतीत अल्बम ऐकायचाच राहून जातो. सगळं लक्ष ३०३च्या वळवळत्या बासकडे, कारण शिकागोशी साम्य तिथे आहे. माझं लक्ष वेधतो तो या अल्बममधला वेळ.

मिडीचा मसुदा तेव्हा प्रसिद्धही व्हायचा होता. ३०३ आणि ८०८ यांना एकमेकांबरोबर धावायला रोलँडनं दिलेली सोय होती ती सिंकची, म्हणजे निव्वळ ठोक्यांची. ऐकताना काय दिसतं? खाली ८०८ आणि ३०३ अढळ, जवळजवळ निर्विकार चालतात. वर ज्युपिटरवर हातानं वाजवलेला राग. त्यात मींड आहे, स्वर किंचित उशिरा पकडणं आहे, एखादी तान ठोक्याच्या आधीच सुटणं आहे. दोन प्रकारचा काळ एकावर एक ठेवलाय, यंत्राचा आणि हाताचा, आणि त्यांच्यात जी फट राहते तिथे राग श्वास घेतो.

सगळं मिडीतून जात असतं तर हा राग बिघडलाच असता असं मी म्हणणार नाही. पण हातानं वाजवलेले स्वर सिक्वेन्सरमध्ये घ्यायचे आणि पायऱ्यांवर "सरळ" करायचे, हा मोह मिडीनं सगळ्यांसमोर ठेवला. इथे तो मोह समोर नव्हता. यंत्रांमध्ये फक्त लय सामाईक होती. बाकी ज्याचं त्याच्याकडे. आपली मैफलसुद्धा अशीच चालते: ठेका सगळ्यांचा, बाकी ज्याचं त्यानं बघायचं.

टीकाही करायला हवी. दहा रागांखाली तालाची मांडणी इतकी सारखी आहे की ललत आणि मेघमल्हार यांच्या पायाखालची जमीन एकच वाटते. सलग ऐकताना हे खटकतं. पण हा दोष सिंकचा नाही. ८०८मध्ये ताल बदलायची भरपूर सोय होती. ती वापरायची नाही हा डिस्कोचा निर्णय होता.

आमच्या लोकांनी काय पाहिलं, काय नाही

८०८वर गंभीर संशोधन झालंय. कर्ट वर्नर, जोनाथन एबल आणि ज्युलियस स्मिथ यांनी २०१४मध्ये ८०८च्या बास ड्रमच्या सर्किटचं तपशीलवार डिजिटल प्रतिरूप मांडलं. हा शोधनिबंध मी विद्यार्थ्यांना वाचायला देते, कारण त्यात एकेका ट्रान्झिस्टरचं काम समजावून दिलंय. ५० हर्ट्झच्या आसपास झंकारणारा फिल्टर, ठोक्याच्या सुरुवातीला काही क्षण चढणारी आणि मग उतरणारी पट्टी, सगळं. शिवाय तो फिल्टर आधीचा झंकार संपायच्या आत पुन्हा ठोकला तर नवा ठोका जुन्यात मिसळतो. त्यामुळे डिके लांब असताना लागोपाठचे दोन ठोके अगदी सारखे नसतात.

माझी तक्रार या निबंधाविषयी नाही, त्यानंतर पडलेल्या पायंड्याविषयी आहे. आमच्या क्षेत्रात "८०८ म्हणजे त्याचे आवाज" हे जणू ठरून गेलंय. ट्रिगर हा इनपुट. तो कुठून आला, कुणाबरोबर आला, त्याचा जोर कुणाकुणात वाटलेला होता, हे प्रश्न आकृतीच्या चौकटीबाहेर. पण लागोपाठचे ठोके एकमेकांत मिसळत असतील, तर ते कधी येतात ही गोष्टसुद्धा आवाजाचाच भाग झाली ना? मिडी बसवणारे हात नेमके या चौकटीबाहेरच्या जागेत शिरतात. आणि त्या जागेचा नकाशा आम्ही त्यांना दिलेला नाही. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण या एका रिकाम्या जागेविषयी आहे.

तर, बसवावं का?

त्या इंजिनिअरना मी आता पुन्हा फोन करणार आहे. काय सांगणार ते असं.

आधी ठरवा, तुम्हाला काय हवंय. ८०८चे आवाज कॉम्प्युटरवरून हवे तसे वाजवायचे असतील, तर रोलँडनंच पुढे टीआर-८ आणि टीआर-०८ काढलीत, मिडीसकट. चाळीस वर्षांचं सर्किट त्यासाठी कापू नका. ८०८नं बाकीच्यांबरोबर लयीत चालावं एवढंच हवं असेल, तर बाहेरची डबी घ्या. मशीनचा एक स्क्रूही काढू नका.

आणि तरीही, हेच मशीन, हीच सर्किटं, नोटेवरून वाजायला हवी असतील, तर बसवा. ही गरज खोटी नाही. फाइल उघडली की ताल जसाच्या तसा समोर हवा, हे रोज काम करणाऱ्याचं म्हणणं मला पटतं. फक्त तीन अटी पाळा. मूळ सिंक जिवंत राहिला पाहिजे. सॉकेट सारखंच आहे म्हणून त्याच्यावरच मिडी चढवू नका. जे जोडाल ते पुढच्या मालकाला काढता आलं पाहिजे, म्हणजे बोर्डवरचे जोड कापणं नाही आणि पत्र्याला भोक नाही. आणि बोर्ड घेण्याआधी तो एक प्रश्न विचारा: दोन वाद्यं, दोन जोर, एक क्षण, काय करतोस?

उत्तर "मोठा जोर घेतो" असं आलं, तर तो बोर्ड बनवणाऱ्यानं ८०८ उघडून नीट पाहिलंय असं समजा. "ते माहीत नाही, पण सगळं सपोर्ट करतं" असं आलं, तर मशीन परत पिशवीत घाला आणि घरी या.